वाचकांचे प्रश्न : ‘लियाँची टपालगाडी’

गेल्या अंकात हेन्री आयर्विंग या इंग्रज नटाविषयी लिहिताना ‘लियाँची टपालगाडी’ या जुन्या फ्रेंच नाटकाचा मी दोन ओळींत उल्लेख केला होता. एक सज्जन गृहस्थ आणि एक दरोडेखोर, दोघांचा चेहरा एक, आणि दोन्ही भूमिका एकाच नटाच्या, एवढेच त्यात सांगितले होते. त्या दोन ओळींवर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्याच नाटकासाठी राखून ठेवले आहे. पत्रांतील मजकूर थोडक्यात दिला आहे.

प्रश्न (निपाणीहून एक वाचक) : दुहेरी भूमिका, भरलेले कोर्ट, आरोपीला ओळखणारे साक्षीदार हे सारे वाचून आम्हा निपाणीकरांना लखोबा लोखंडेच आठवला. आचार्य अत्रे यांनी ‘तो मी नव्हेच’ या फ्रेंच नाटकावरून तर घेतले नाही ना?

नाही. अत्रे यांनी ते नाटक आपल्याच देशात गाजलेल्या फसवणुकीच्या एका खटल्यावरून रचले. मो. ग. रांगणेकर यांच्या दिग्दर्शनाखाली ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत त्याचा पहिला प्रयोग झाला, आणि निपाणीचा तंबाखूचा व्यापारी म्हणून प्रभाकर पणशीकर फिरत्या रंगमंचावर उभे राहिले ते पुढे अनेक दशके. तरीही आपल्याला जे आठवले ते वावगे मुळीच नाही. या दोन नाटकांना शेजारी ठेवून पाहण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते.

लखोबा कोर्टात उभा राहून ‘तो मी नव्हेच’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत असतो. साक्षीदार बायका खऱ्या असतात, त्यांच्या डोळ्यांनी त्यांना दगा दिलेला नसतो, आणि प्रेक्षकांनाही ते पहिल्यापासून ठाऊक असते. आपण नाटकभर वाट पाहतो ती या माणसाला कायदा कधी पकडतो याची. फ्रेंच नाटकातला सज्जन गृहस्थ लेसुर्क हेच वाक्य म्हणतो तेव्हा तो अक्षरशः खरे बोलत असतो. इथे साक्षीदारही प्रामाणिकच आहेत. कोणी पैसे घेतलेले नाहीत, कोणाचे वैर नाही. त्यांनी जे पाहिले ते शपथेवर सांगितले, आणि जे पाहिले तेच चुकीचे होते. प्रेक्षकांना हेही पहिल्यापासून ठाऊक असते, आणि आपण वाट पाहतो ती या माणसाला कायद्याच्या हातून कोणी सोडवतो का याची. वाक्य एकच, पिंजरा एकच, नटाला दोन्हीकडे रूपे पालटावी लागतात. पण एकात कोर्ट हा आधार आहे आणि दुसऱ्यात कोर्ट हेच संकट आहे.

प्रश्न (खानापूरहून एक वाचक भगिनी) : ही कथा खरी घडलेली आहे असे आपण सूचित केले होते. मूळ हकिकत सविस्तर सांगाल का?

सांगतो, कारण मूळ हकिकत नाटकापेक्षा तसूभरही कमी नाही.

२७ एप्रिल १७९६ ची रात्र. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतरची अस्थिर वर्षे चालू होती. पॅरिसहून लियाँकडे जाणारी टपालगाडी निघाली, तेव्हा तिच्यात इटलीत लढणाऱ्या फौजेसाठी पाठवलेली मोठी रक्कम होती, बहुतेक त्या काळच्या कागदी चलनात. गाडीत टपाल पोहोचवणारा एक माणूस, घोडे हाकणारा एक, आणि खोट्या नावाने जागा घेतलेला एकच प्रवासी. पहाटेनंतर लियसाँ आणि मलँ या गावांच्या दरम्यान पहिल्या दोघांची प्रेते सापडली. पैसे नाहीसे झाले होते आणि तो प्रवासीही नाहीसा झाला होता. आदल्या दिवशी दुपारपासून चार घोडेस्वार त्या रस्त्यावरच्या खाणावळींतून थांबत, जेवत, रेंगाळत पुढे गेल्याचे अनेकांनी पाहिले होते. त्यांतल्या एकाच्या बुटाला, घोड्याला टोचण्यासाठी टाचेपाशी बांधतात तो काटा, मोडला होता. लियसाँच्या खाणावळीत त्याने दोरा मागून घेतला आणि तो बांधून काढला. दोऱ्याने बांधलेला तोच काटा दुसऱ्या दिवशी प्रेतांजवळ मिळाला.

कुरिओल नावाचा एक गुन्हेगार लवकरच पकडला गेला, आणि त्याच्याजवळ लुटीतली रक्कमही मिळाली. तो ज्या घरी उतरला होता त्याच घरी गेनो नावाचा एक गृहस्थ राहिला होता, म्हणून त्याचे कागद जप्त झाले. गेनो निर्दोष ठरला आणि आपले कागद परत घ्यायला कचेरीकडे निघाला. वाटेत त्याला त्याच्या गावाकडचा, दुए या शहराचा, मित्र जोझेफ लेसुर्क भेटला. लेसुर्क खाऊनपिऊन सुखी माणूस, मुलांच्या शिक्षणासाठी पॅरिसला येऊन राहिलेला. मित्राला सोबत म्हणून तो आत गेला. बाहेरच्या दालनात खाणावळीतल्या दोन मोलकरणी साक्षीसाठी येऊन बसल्या होत्या. त्यांनी या दोघांना पाहिले आणि आत निरोप पाठवला की त्या दिवशीच्या घोडेस्वारांपैकी दोघे इथेच बसले आहेत.

लेसुर्क स्वतःच्या पायांनी त्या कचेरीत गेला होता. नाटककारांना काही जुळवावे लागलेच नाही इतका हा प्रसंग तयार आहे. पुढे आणखी साक्षीदारांनी त्याला ओळखले, आणि दोरा मागणारा माणूस हाच, असेही सांगितले गेले. त्याच मोलकरणींनी ओळखलेला गेनो मात्र आपण त्या दिवशी दुसरीकडे होतो हे सिद्ध करू शकला आणि सुटला. म्हणजे त्या डोळ्यांनी एकाच्या बाबतीत चूक केली हे कोर्टाने मान्य केले आणि दुसऱ्याच्या बाबतीत त्याच डोळ्यांवर भरवसा ठेवला.

कुरिओल आणि लेसुर्क या दोघांनाही मृत्युदंडाची शिक्षा झाली, आणि त्यानंतर कुरिओलने लेसुर्क निर्दोष आहे असे वारंवार सांगितले. खरा माणूस द्युबोस्क, तो भुऱ्या केसांचा टोप घालून आला होता आणि त्यामुळेच घोटाळा झाला, असे त्याचे म्हणणे होते. प्रकरण सरकारपर्यंत आणि तिथून लोकप्रतिनिधींच्या सभेपर्यंत गेले, पण सभेने हात घातला नाही. ३० ऑक्टोबर १७९६ रोजी दोघांचाही शिरच्छेद झाला. वधस्थानाकडे जाणाऱ्या गाडीतून कुरिओल लोकांना ओरडून सांगत होता की मी अपराधी आहे आणि लेसुर्क निरपराध आहे. काही वर्षांनी द्युबोस्क सापडला. व्हर्सायच्या कोर्टात त्याच्या डोक्यावर भुऱ्या केसांचा टोप चढवला गेला, तेव्हा पूर्वी लेसुर्कविरुद्ध साक्ष दिलेल्या एका बाईने आपले म्हणणे बदलले. द्युबोस्कलाही मृत्युदंड झाला. घोडेस्वार चार आणि आतला प्रवासी एक असे पाच जण, आणि या गुन्ह्यासाठी एकूण सात शिरे उतरली.

प्रश्न (बेळगावहून एक निवृत्त शिक्षक) : निरपराध माणसाच्या बाजूने एका व्यापाऱ्याची हिशेबवही पुरावा म्हणून आली होती, असे मी कुठेतरी वाचले आहे. लेखी पुरावा असूनही तो का मानला गेला नाही?

ती वही एका सराफाची. गुन्ह्याच्या दिवशी, म्हणजे त्यांच्या नव्या पंचांगातल्या फ्लोरेआल महिन्याच्या ८ तारखेला, लेसुर्क माझ्या दुकानात बसला होता, आणि त्या दिवशी झालेल्या एका व्यवहाराची नोंद वहीत असल्यामुळे मला तारीख आठवते, असे त्याने सांगितले. वही मागवली गेली. नोंद होती, पण आधी लिहिलेल्या ९ वर गिरवून ८ केलेला होता. एका आकड्यासाठी सराफाची साक्ष गेली, आणि तिच्यामागोमाग त्याच दिवशी लेसुर्कला पॅरिसमध्ये पाहिल्याचे सांगणाऱ्या इतरांची साक्षही फिकी पडली. आपल्या मित्राला वाचवण्यासाठी लोकांनी संगनमत केले आहे, असा समज ज्यूरीच्या मनात बसला. बचावाचा सर्वांत भक्कम म्हणून आणलेला कागदच घातक ठरला.

आकडा कोणी, कधी आणि कोणत्या हेतूने गिरवला यावर शंभर वर्षे वाद झाले. मला त्यात एक साधी गोष्ट दिसते. कागद हा माणसाच्या बाजूने बोलेल असे आपण धरून चालतो, आणि तो शेवटी कारकुनाच्या हाताने लिहिलेला असतो. आपल्या सीमाभागात हे वेगळे सांगायला नको. माझ्या वडिलांचे नाव शाळेच्या दाखल्यावर मराठीत एका तऱ्हेने, जमिनीच्या उताऱ्यावर कन्नडमध्ये दुसऱ्या तऱ्हेने आणि रेशनकार्डावर तिसऱ्या तऱ्हेने पडले होते. त्यांच्या पश्चात वारसाची नोंद करायची वेळ आली तेव्हा एका कचेरीत मला सांगण्यात आले की हे तीन वेगळे इसम दिसतात. तिन्ही नावांचा माणूस एकच आहे, असे प्रतिज्ञापत्र करून द्यायला मला चार महिने लागले. माझे काम उशिरा का होईना झाले, जमीन कुठे गेली नाही. पण त्या टेबलासमोर उभा असताना वहीतल्या त्या गिरवलेल्या आकड्याची मला खरोखर आठवण झाली होती.

प्रश्न (बेळगावहून एक वाचक) : नाटक कोणी लिहिले, ते इंग्रजीत कसे गेले, आणि जाताना काय काय बदलले?

मोरो, सिरोदँ आणि देलाकूर या तिघांनी मिळून ते लिहिले. पॅरिसमध्ये त्या काळी दोघातिघांनी मिळून नाटक रचणे ही नेहमीची रीत होती. पहिला प्रयोग १६ मार्च १८५० रोजी गेते थिएटरात झाला. हे थिएटर ज्या रस्त्यावर होते त्याला लोक ‘गुन्ह्यांचा रस्ता’ म्हणत, कारण तिथल्या नाटकगृहांत रोज संध्याकाळी कुठे ना कुठे खून, विषप्रयोग किंवा अपहरण रंगमंचावर घडत असे. १८६२ मध्ये पॅरिसची नवी रस्तेबांधणी झाली तेव्हा ती नाटकगृहे पाडली गेली.

लेसुर्क आणि द्युबोस्क या दोन्ही भूमिका लाक्रेसोनिएर या नटाने केल्या. मात्र पॅरिसच्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले ते दुसऱ्याच नटाला. दरोडेखोरांच्या टोळीत शोपार नावाचा घोड्यांचा एक दलाल आहे, गोडबोल्या आणि क्रूर. पोलाँ मेनिए याने ती भूमिका अशी काही उभी केली की पुढे कित्येक वर्षे प्रत्येक पुनरुज्जीवनात लोक त्याच्यासाठी येत राहिले. दुय्यम भूमिकेने नाटक खाऊन टाकावे असे आपल्याकडेही घडलेले आहे, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला याचे आश्चर्य वाटू नये.

नाटककारांनी मूळ हकिकतीत जो सर्वांत मोठा बदल केला तो मला उत्तम वाटतो. लियसाँच्या खाणावळीचा मालक त्यांनी लेसुर्कचा म्हातारा बाप केला. दरोड्याच्या रात्री बापाला अंधारात मारेकऱ्याचा चेहरा दिसतो, आणि तो चेहरा त्याच्या मुलाचा असतो. खऱ्या खटल्यात परक्या मोलकरणींनी चूक केली. नाटकात जन्मदाता बाप चुकतो. मुलाने वधस्थानी जाण्यापेक्षा स्वतःच्या हाताने मरण पत्करावे, असे तो सुचवतो, आणि मुलगा त्याला म्हणतो की मी काही केलेले नाही तर मी का मरू. ज्या प्रसंगात कोर्ट नाही, वकील नाही, फक्त बाप आणि मुलगा आहेत, तिथे हे नाटक सर्वांत उंच जाते, असे माझे मत आहे.

इंग्रजीत ते १८५४ मध्ये गेले. चार्ल्स रीड या कादंबरीकाराने रूपांतर केले आणि लंडनच्या प्रिन्सेस थिएटरात चार्ल्स कीन याने दोन्ही भूमिका केल्या. कीनला अशा कामाचा सराव होता. १८५२ मध्ये त्याच थिएटरात ‘कॉर्सिकन भाऊ’ या दुसऱ्या फ्रेंच नाटकाच्या रूपांतरात त्याने जुळे भाऊ उभे केले होते, त्यांतला एक मेल्यावर भूत होऊन रंगमंचाच्या फळीतून सरकत वर येत असे. रीडविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात लेखकांच्या हक्कांविषयी जो करार झाला होता, त्यात भाषांतराला संरक्षण होते पण रूपांतराला मोकळीक होती. त्या फटीतून लंडनचे नाटकवाले पॅरिसची नाटके फुकट उचलत. रीडने याविरुद्ध १८६० मध्ये एक संपूर्ण पुस्तक लिहिले आणि त्याला ख्रिस्ती धर्मातल्या आठव्या आज्ञेचे नाव दिले. ती आज्ञा म्हणजे ‘चोरी करू नकोस’.

१८७७ मध्ये हेच रूपांतर नव्या नावाने लायसियम थिएटरात आले आणि आयर्विंगच्या हाती लागले. आयर्विंगची कीर्ती शेक्सपियरसाठी आहे हे खरे, पण त्याला पहिले मोठे यश मिळाले ते १८७१ मध्ये, ‘घंटा’ या फ्रेंच नाटकाच्याच रूपांतरात. ‘लियाँची टपालगाडी’ त्याने आयुष्यभर जवळ ठेवले, आणि त्याच्या मागे त्याच्या मुलाने ते चालवले.

शेवट मात्र इंग्रजी रंगभूमीवर खऱ्या हकिकतीहून वेगळा आहे. खऱ्या लेसुर्कचे डोके उडाले. लंडनचा लेसुर्क अखेरच्या क्षणी वाचतो. द्युबोस्क वधस्थानासमोरच्या एका माडीवर दारू पीत, आपल्या जागी दुसरा मरतो आहे हे खिडकीतून पाहायला बसलेला असतो, आणि लोक दार फोडून त्याला धरतात. तो खिडकीतला प्रसंग विलक्षण आहे. त्यानंतरची सुटका मला मान्य करता येत नाही. प्रेक्षक हलक्या मनाने घरी जावा ही नाटकमंडळीची गरज मी समजू शकतो. परंतु या माणसाला कोणीही वाचवले नाही, हीच तर त्याची कथा आहे. ज्याच्या नावावर कलंक राहिला त्याला रंगमंचावर वाचवल्याने प्रेक्षकाची टोचणी निघून जाते, आणि ती निघून जाऊ नये असे मला वाटते.

प्रश्न (चिकोडीहून एक विद्यार्थिनी) : ‘मेलोड्रामा’ हा शब्द आमच्या प्राध्यापकांनी शिवीसारखाच वापरला. त्याचा मूळ अर्थ काय?

संगीतासह नाटक, एवढाच. पात्र आत येताना, संकट जवळ येताना, निरोपाच्या वेळी वाद्ये वाजत आणि बोलणे त्यांवर चाले. आपला पेटीमास्तर प्रवेशाआधी सूर धरून बसतो, तशीच ती सोय होती. १८०० च्या आसपास पिक्सेरेकूर या नाटककाराने हा प्रकार पॅरिसमध्ये रुजवला, आणि १८०७ मध्ये नेपोलियनने राजधानीतली नाटकगृहे आठांवर आणली तेव्हा गेते आणि आंबिग्यू या दोन थिएटरांच्या वाट्याला हा प्रकार आला. तिथला प्रेक्षक कारागीर, दुकानदार, हमाल असा होता. त्याला शब्द मोठे लागत आणि भावना ठळक लागत. मराठीत आपण याला राणा भीमदेवी थाट म्हणतो. तो थाट चांगल्या नटाच्या हाती असला तर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. कमी दर्जाचा म्हणून तो बाजूला टाकण्याआधी आपण एखादा चांगला प्रयोग पाहावा, अशी माझी विनंती आहे.

प्रश्न (बेळगावहून एक वाचक) : फ्रेंच नाटके मराठीत कोणत्या वाटेने आली?

बहुतेक इंग्रजीच्या वाटेने, आणि त्यांतली एक वाट आपल्या गावाजवळून जाते. गोविंद बल्लाळ देवल बेळगावला शिकले आणि इथेच गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या सहवासात आले. देवलांचे ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे १८९३ मधले नाटक आर्थर मर्फी याच्या १७६१ मधल्या इंग्रजी नाटकावरून, आणि मर्फीचे नाटक मोलिएरच्या १६६० मधल्या फ्रेंच प्रहसनावरून. तेच पुढे १९१६ मध्ये गाण्यांसह ‘संगीत संशयकल्लोळ’ म्हणून आले. त्यातही एक तसबीर भलत्याच्या हाती पडते, कोणी अर्धवट पाहतो, आणि पाहिलेल्यावरून नवरा बायकोचा आणि बायको नवऱ्याचा संशय घेऊ लागते. डोळ्यांनी पाहिले म्हणजे खरे, या समजुतीचे बीज दोन्ही नाटकांत एकच आहे; एका ठिकाणी त्यातून हसू उगवले आणि दुसऱ्या ठिकाणी वधस्तंभ.

प्रश्न (बेळगावहून एक वकील) : लेसुर्कचे नाव पुढे कायद्याने निष्कलंक झाले का?

नाही. त्याच्या कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या अर्ज केले. फ्रान्समध्ये १८६७ मध्ये फेरतपासणीचा कायदा सुधारला गेला, आणि मृत माणसाच्या वतीनेही, परस्परविरोधी दोन निकाल असल्यास, खटला उघडता येऊ लागला. या सुधारणेमागे लेसुर्क प्रकरणाचा आणि त्याने जागवलेल्या लोकमताचा मोठा वाटा होता. त्या लोकमतात या नाटकाचाही हिस्सा आहे असे मी मानतो. अठरा वर्षे लोक त्याला रंगमंचावर निरपराध म्हणून पाहत होते. तरीही १८६८ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अर्ज फेटाळला. लेसुर्क अपराधी आणि द्युबोस्कही अपराधी, हे दोन निकाल एकमेकांच्या विरुद्ध जातातच असे नाही, दोघेही त्या गुन्ह्यात असू शकतात, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. आपण वकील असल्यामुळे या युक्तिवादाचे वजन माझ्यापेक्षा अधिक नेमके जोखाल. मला त्या सात शिरांचा आणि पाच माणसांचा हिशेब काही केल्या जुळत नाही.

प्रश्न (निपाणीहून एक वाचक) : चित्रपट निघाले का?

होय. १९१६ मध्ये आयर्विंगच्या मुलाला घेऊन इंग्लंडमध्ये मूकपट निघाला, १९३१ मध्ये जॉन मार्टिन-हार्वी याचा बोलपट आला, आणि १९३७ मध्ये फ्रान्समध्ये पिएर ब्लाँशार याने दोन्ही भूमिका केल्या. पडद्यावर एकच नट दोनदा दिसणे सोपे असते, म्हणून रंगमंचावरचा थरार तिथे उरत नाही.

प्रश्न (संकेश्वरजवळच्या एका गावातून एक दिग्दर्शक) : आमच्या गावच्या यात्रेत दरवर्षी नाटक असते. यंदा दुहेरी भूमिकेचे नाटक घेतले आहे. ही दोन पात्रे अखेर समोरासमोर येतात तेव्हा जुन्या नटांनी काय केले? आमच्याकडे फिरता रंगमंच नाही, भाड्याचे पडदे आणि ड्रेपरी आहे.

आयर्विंगजवळही या प्रसंगासाठी फिरता रंगमंच नव्हता. त्याच्याजवळ त्याच्याच अंगलटीचा, त्याच्यासारखेच कपडे केलेला एक माणूस होता. गर्दी माडीत घुसते, धक्काबुक्कीत द्युबोस्क क्षणभर दिसेनासा होतो, आणि पुढच्या क्षणी लेसुर्क समोर उभा असतो. प्रेक्षकांचे डोळे त्या वेळी गर्दीकडे असावेत, ही सगळी खुबी. गर्दी जितकी खरी, तितकी अदलाबदल निर्धास्त.

माझ्या तरुणपणी खानापूर तालुक्यातल्या एका यात्रेत मी असे काम केले आहे, म्हणून अनुभवाने दोन गोष्टी सांगतो. मिशी आणि टोप यांवर विसंबू नका. यात्रेतला प्रेक्षक लांब, जमिनीवर पोत्यावर बसलेला असतो. त्याला चेहऱ्याचा रंग दिसत नाही, त्याला चाल आणि खांदे दिसतात. मी सज्जनाचे काम करताना पाय पूर्ण टेकवून चालत असे आणि खलाचे करताना डावा खांदा थोडा खाली सोडत असे. पहिल्या अंकातच मागच्या रांगेतली पोरे खांदा पाहून ओरडू लागली की आला, आला. आवाजही खाली-वर करू नका, त्याचा वेग बदला; पट्टी बदलली की दुसऱ्या अंकानंतर घसा बसतो आणि दोन्ही माणसे एकच होतात.

दुसरी गोष्ट बदली माणसाची. तो नट असण्याची गरज नाही, पण त्याची तालीम तुमच्याइतकीच झाली पाहिजे. आमच्या वेळी एक सुतार हे काम करत असे. त्याला एकही वाक्य नव्हते. लोकांकडे पाठ करून, डावा खांदा खाली सोडून, दोघा शिपायांच्या मध्ये उभे राहायचे एवढेच काम. तालमीत तो पंधरा दिवस रोज माझ्या मागे मागे चालला. प्रयोगाच्या रात्री विंगेतून मी बाहेर पाऊल टाकले आणि पाठमोऱ्या त्या माणसाकडे पाहिले, तेव्हा समोर मीच उभा आहे असे मला वाटले, आणि माझे पहिले वाक्य मी ठरल्यापेक्षा बराच वेळ थांबून म्हटले. ते थांबणे तुमच्या नटाला आधीपासून शिकवून ठेवा.